आजोबांची फियाट, जाम झालेलं इंजिन आणि 'मारुतीचं बसवून टाका'

पत्र (थोडं छोटं करून):

काका, आजोबांची १९६८ ची फियाट डिलाइट कराडजवळ आमच्या गावी शेडमध्ये उभी आहे. आजोबा गेल्यापासून, म्हणजे पंधराएक वर्षं, कुणी चालूच केली नाही. इंजिन जाम, हँडल मारलं तरी हलत नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा आणि मागच्या सीटखालचा पत्रा सडलाय. ग्रिल आणि एका हेडलाइटची रिंग गायब आहे, दारांच्या रबराचा चुरा झालाय. गावचा मिस्त्री म्हणतो, मारुतीचं इंजिन बसवून टाकू, निम्म्या खर्चात पळेल. बाबा म्हणतात भंगारात द्या. ऑनलाइन एकजण 'फियाटचं फुल पार्ट किट' विकतोय, ते घेऊ का? पार्ट मिळतात का, नाही मिळाले तर बनवता येतात का? आणि गाडी अजून आजोबांच्याच नावावर आहे. मी पुण्यात नोकरी करते, महिन्यातून दोनदा गावी जाते. रोज चालवायची नाहीये, पण सणावाराला, गावात, कधीतरी महाबळेश्वरपर्यंत न्यायची फार इच्छा आहे.

उत्तर:

काका म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. तुझ्या पत्रात प्रश्न पाच-सहा आहेत पण सगळ्यात आधी एक काम कर, आज रात्रीच गावी फोन लाव आणि सांग की त्या शेडमधून एक नटसुद्धा बाहेर जाता कामा नये. तुटलेलं, गंजलेलं, वाकलेलं, उंदरांनी कुरतडलेलं, काहीही. दिवाळीची साफसफाई म्हणून कुणीतरी 'ते जुनं रबर टाकून दिलं' असं म्हणतं ना, तिथे खरी गाडी मरते. कारण तुटलेला पार्ट हातात असेल तर त्यावरून दुसरा बनतो, माप मिळतं, आकार मिळतो, भोकं कुठे आहेत ते कळतं. पार्टच गायब असेल तर आधी तो दिसायचा कसा हेच शोधत बसावं लागतं. तुझं ग्रिल गायब आहे ना, बघशील, सगळ्यात जास्त त्रास तेच देणार आहे, जाम इंजिन नाही.

आता मारुतीचं इंजिन. नको. तुझा मिस्त्री वाईट माणूस नाहीये, त्याला रोज गाडी पळवून द्यायची सवय आहे आणि त्या हिशोबाने तो बरोबरच बोलतोय. पण मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालते आणि तुझी फियाट मागच्या, म्हणजे तो ओम्नीचं वगैरे इंजिन-गिअरबॉक्स घेणार, मग माउंटिंग कापणार, प्रोपेलर शाफ्ट कापून जोडणार, स्टिअरिंगवरचा हँडगिअर गेला, आणि एवढं करून ७९६ सीसीचं इंजिन जवळपास नऊशे किलोची गाडी ओढणार. महाबळेश्वरच्या घाटात आठवण येईल. शिवाय कायद्याने कंपनीने दिलेली मूळ रचना अशी मनाने बदलता येत नाही, आरसीवर इंजिन नंबर असतो, आणि पुढे व्हिंटेज रजिस्ट्रेशन करायचं म्हटलं तर इंजिन बदललेली गाडी त्यात बसतच नाही. त्याबद्दल खाली लिहितोच.

आणि इंजिन जाम आहे म्हणजे मेलंय असं कुणी सांगितलं? पंधरा वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटतात, बस. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकातून डिझेल आणि एटीएफ (पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल) निम्मं-निम्मं मिसळून ओत आणि पुढच्या फेरीपर्यंत विसरून जा, तू तशीही पंधरा दिवसांनी येणार. आल्यावर परत ओत. मग हँडल लावून हळूहळू मागे-पुढे, मागे-पुढे, पाव इंच हललं तरी अर्धी लढाई जिंकलीस. लांब पाइप लावून लटकायचं नाही, आणि गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढायचं तर अजिबात नाही, गावाकडे हा उपाय हमखास सुचवतात आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याआधी वरचं रॉकर कव्हर उघडून ठेव म्हणजे इंजिन फिरताना व्हॉल्व खाली-वर होतायत का दिसेल, एखादा अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतो. फिरायला लागलं म्हणून लगेच स्टार्ट मारू नकोस, आधी खालचा चेंबर उतरवून त्यातला डांबरासारखा गाळ काढ, ऑइल पंपाची जाळी साफ कर.

नाहीच फिरलं तर हेड काढावं लागेल. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा (म्हणजे ओतीव लोखंडाचा), आणि आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंट न घालता वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलेलं असतं, त्यामुळे स्टड हेडमध्ये घट्ट धरून बसतात. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटलं की हेडचा पृष्ठभाग गेला. तेल सोडायचं, लाकडी हातोड्याने ठोकायचं, दोन दिवस थांबायचं, परत ठोकायचं. यात घाई करणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव. नंतर ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर चाल, ७५, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. थोडा घासला असेल तर रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, फारच गेला असेल तर स्लीव्ह (आतून नवी नळी) घालून परत ६८ वर आणता येतो, आणि यात ब्लॉक तोच राहतो म्हणजे इंजिन नंबरही तोच राहतो.

हा ६८ चा आकडा लक्षात ठेव, कारण किटवाल्याला हाच विचारायचाय. इटलीत ११००-डी म्हणून जी गाडी विकली गेली तिचं इंजिन १२२१ सीसीचं, बोअर ७२ मिमी. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बनलेल्या डिलाइटला १०८९ चंच राहिलं. बाहेरून गाडी सारखीच दिसते म्हणून लोक इटलीहून पिस्टन-रिंग-गॅस्केट मागवतात आणि कस्टम ड्युटी भरून घरी पेपरवेट आणतात. इटलीहून काय मागवावं तर काचेची रबरं, दाराची रबरं, बाहेरच्या पट्ट्या, बॅज असल्या गोष्टी, त्यासुद्धा फोटो आणि मापं जुळवून. 'फुल किट' नावाची वस्तू मला तरी संशयास्पदच वाटते, निम्मं पद्मिनीचं, पाव कशाचंतरी, आणि तुला जे हवंय ते ग्रिल त्यात नसणारच. सुटं विकत असेल तर एकेक पार्टचा स्केल ठेवून काढलेला फोटो मागव, नाहीतर सोड.

तुझं नशीब चांगलं आहे ते वेगळ्या कारणाने. डिलाइट १९६४ ला आली, तीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली. चेहरा, डॅशबोर्ड, दिवे बदलत गेले पण पेट्रोल गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, पुढचं सस्पेन्शन यातलं बरंचसं त्याच घराण्यातलं. म्हणजे तुझ्याकडे १९६८ ची गाडी असली तरी यांत्रिक पार्टसाठी तू पद्मिनीच्या बाजारात उभी आहेस, आणि पद्मिनी म्हणजे मुंबईची काळीपिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. तोपर्यंत क्लच प्लेट, वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटर कॅप असलं सामान टॅक्सीवाल्यांमुळे दुकानात फिरत होतं. आता गिऱ्हाईक संपलं, त्यामुळे दुकानदार एकतर माल भंगारात काढतोय नाहीतर 'व्हिंटेज आहे मॅडम' म्हणून तिप्पट सांगतोय. म्हणून यांत्रिक सामान लागेल तेवढं आत्ताच घेऊन ठेव, पाच वर्षांनी लागणारं पण.

कुठे? कुर्ल्याला एक चक्कर टाक, जुन्या टॅक्सी गॅरेजांच्या आसपासची लहान दुकानं आधी बघ, मोठ्या बोर्डाची नंतर. तू पुण्यात आहेस तर नाना पेठ आहेच, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. जुन्या बाजारात यादी घेऊन जाऊ नये, तिथे जे मिळेल ते बघायचं असतं, पण नॉब, जुने मीटर, आरसे, टूलकिटमधले पाने असं कधीतरी अवचित हाती लागतं. दिल्लीचं काश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट ही नावं ऐकशील, तिकडे ओळखीचा कुणी असेल तर फोटो पाठवून विचार, मुद्दाम जाऊ नकोस.

आणि काउंटरवर '१९६८ च्या फियाटचं बेअरिंग द्या' म्हणू नकोस, मान हलवून नाही म्हणेल नाहीतर हसेल. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०४ म्हणजे आतून २० मिमी, बाहेरून ४७, जाडी १४, जगात कुठेही. नंबर पुसला असेल तर व्हर्नियरने ही तीन मापं घे. ऑइल सीलचंही तसंच. गाडीतलं किती सामान खरंतर 'फियाटचं' नसतंच, बाजारातल्या स्टँडर्ड मापाचं असतं, हे कळलं की निम्मी यादी कमी होते. पार्ट काढून घ्यायला एक सडलेली पद्मिनी, म्हणजे डोनर, मिळाली तर मस्तच, पण तिची आरसी रीतसर रद्द झाल्याचा कागद आणि बिल घेतल्याशिवाय दारात आणू नकोस.

आता बनवण्याकडे येऊ, माझा आवडीचा विषय. तुझी गाडी उभी आहे ती जागा बघ ना, कराडवरून एका बाजूला किर्लोस्करवाडी, खाली कोल्हापूर. शेतकऱ्यांचे पंप आणि ऑइल इंजिनं बनवत बनवत हा अख्खा पट्टा बीड ओतायला शिकला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फिर, मोठ्या फाउंड्रीला तुझा एक नग परवडणार नाही पण लहान पॅटर्नवाले (ओतायच्या पार्टचा नमुना बनवणारे) आणि छोट्या भट्ट्या करतात, विशेषतः 'आजोबांची गाडी आहे' म्हटलं की. (हे वाक्य जरूर वापर, कोल्हापुरात चालतं.)

समज थर्मोस्टॅटचं अॅल्युमिनियमचं एल्बो पाण्याने खाऊन टाकलंय. लोक काय करतात, जुनाच पार्ट वाळूत दाबतात आणि ओततात. मग तो बसत नाही. का, तर धातू थंड होताना आकसतो. बीड साधारण १ टक्का, अॅल्युमिनियम १.३ च्या आसपास, पितळ दीडच्या आसपास. म्हणजे १०० मिमीवर असलेली दोन भोकं नव्या पार्टमध्ये पावणेनव्याण्णववर येणार, आणि स्टड काही तुझ्यासाठी सरकणार नाहीत. चांगल्या पॅटर्नवाल्याकडे यासाठी वेगळी पट्टीच असते, तिच्यातला सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. ती पट्टी त्याच्याकडे आहे का विचार, माणूस कळतो. मग जिथे मशीनिंग होणार, म्हणजे गॅस्केट बसतं ती बाजू, तिथे वर दोन-तीन मिमी जास्त मटेरियल ठेवायचं. भोकं ओतायचीच नाहीत, भरीव ओतून नंतर जुन्या पार्टवरून मारायची. जुन्या पार्टची खाल्लेली जागा मेणाने किंवा लांबीने (डेंटरच्या पुट्टीने) भरून मूळ आकार आधी परत आणायचा. आणि धातू सांगून घ्यायचा, 'अॅल्युमिनियम' एवढंच म्हटलंस तर कढई-पातेल्यांचं भंगार वितळवून देतील. एलएम६ नाहीतर एलएम२५ माग, कोल्हापुरात हे नंबर पोरंटोरंपण ओळखतात.

पण प्रत्येक गोष्ट नवीन ओतायची हौसपण बरी नाही. मॅनिफोल्डला तडा असेल तर निकेलची रॉड, आधी तापवणं, वेल्डिंग झाल्यावर राखेत पुरून सावकाश थंड करणं, याने तोच टिकतो. अॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग. जुन्या गाड्यांच्या क्लबांची फिवा नावाची जागतिक संघटना आहे, तिचा तुरीन चार्टर म्हणून एक दस्तऐवज आहे, त्याचा सूर पण हाच, आधी जपा, मग दुरुस्त करा, बदलणं शेवटी. मला ते मनापासून पटतं. चकचकीत करून आणलेली जुनी गाडी बघून मला कधीकधी वाईट वाटतं, आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग कशाला नवीन करायचं?

हेडलाइटची रिंग मात्र खुशाल बनव. पुण्यात तांबट आळी म्हणून कुणी सांगेल, तिथलं काम ठोक्याचं, सुंदर असतं, पण तुला लागेल तो स्पिनिंगवाला, जो लेथवर पितळेचा पत्रा साच्यावर दाबून आकार देतो. दुसऱ्या बाजूची रिंग शाबूत आहे ना, ती नमुना म्हणून द्यायची, आणि दोन्ही रिंगा क्रोमला एकत्रच द्यायच्या म्हणजे छटा जुळते. क्रोमवाल्याला सांगायचं की तांबं, मग निकेल, मग क्रोम, तिन्ही हवेत, कारण चमक खरी निकेलची असते, क्रोम वरचा पातळ पापुद्रा. दाराची हँडल्स, बॅज वगैरे झिंकच्या ओतीव असण्याची शक्यता असते, उचलून बघ, वजनाला जड, वर पुरळ आल्यासारखे फोड. असले पार्ट जुना क्रोम उतरवायला कडक अॅसिडमध्ये टाकले तर पार्टच विरघळतो. क्रोमवाल्याला आधी विचार, झिंक करतो का. नाही म्हणाला तर तो प्रामाणिक आहे, रिंगा त्यालाच दे.

ग्रिल बनवायच्या भानगडीत लगेच पडू नकोस, ते शोधायचं. पद्मिनीचं बसवून टाका म्हणतील, पण तोंड वेगळं दिसतं. घरातले जुने फोटो काढ, लग्नातले, देवदर्शनाचे, गाडीसमोर उभं राहून काढलेला एकतरी असतोच, त्यावरून नेमकं कुठलं ग्रिल होतं ते ठरव आणि मग जुन्या गाड्यांच्या क्लबवाल्यांना तो फोटो दाखव. कुणाकडे जादा नसलं तरी एक दिवसासाठी मापं घ्यायला देणारा मिळतो.

डॅशबोर्डचे नॉब, बटणं, दिव्याच्या काचा यासाठी थ्रीडी स्कॅन आणि प्रिंट उत्तम, पुण्यात गल्लोगल्ली आहेत. फक्त पीएलए मटेरियल घेऊ नकोस, साठ अंशाला मऊ पडतं आणि एप्रिलमध्ये बंद गाडीत तेवढं होतंच. एबीएस घे, नाहीतर प्रिंट फक्त नमुना म्हणून वापरून त्यावरून सिलिकॉनचा साचा आणि रेझिनचा नॉब.

रबराची एक युक्ती सांगतो. चुरा झालेल्या रबरातला जो तुकडा त्यातल्या त्यात चांगला असेल तो ब्लेडने आडवा काप, कापलेली बाजू शिक्क्याच्या पॅडवर दाबून कागदावर छाप मार. झाला तुझा क्रॉस-सेक्शन. तो घेऊन बीडिंगवाल्याकडे जा, त्याच्या कॅटलॉगमध्ये नव्वद टक्के जुळणारं काहीतरी असतं. अगदी तंतोतंत हवं तर डाय बनवावा लागतो, डायचा खर्च जमण्यासारखा असतो पण ते कमीत कमी मीटर मागतात, म्हणून आणखी दोन-तीन फियाटवाले गाठून एकत्र ऑर्डर द्या. दाराला-काचेला ईपीडीएम रबर छान, उन्हाने फुटत नाही. पण तेच पेट्रोल किंवा ऑइल लागेल अशा जागी नको, फुगतं.

पेट्रोलवरून आठवलं, आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. १९६८ च्या गाडीचे पेट्रोल पाइप, पंपाचा डायफ्रॅम याचा विचार करून बनलेले नाहीत. सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे नवे घाल, डायफ्रॅमपण, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी-कार्ब्युरेटर रिकामं करून ठेव, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

पत्र्याबद्दल मात्र मला जरा काळजी वाटली. ही गाडी जीपसारखी चेसिसवर बॉडी ठेवलेली नाही, बॉडी हीच चेसिस आहे. पायाखालचा पत्रा आणि दाराखालचे पेटीसारखे सिल सडले असतील तर गाडीचा कणाच सडलाय. दार उघडल्यावर परत लावताना वर उचलून लावावं लागतं का बघ, लागत असेल तर गाडी मधे बसलीय. कापाकापी करायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल वेल्ड करून घ्यायचे, नाहीतर सिल कापल्यावर चौकट सरकते आणि मग दारं जन्मात जुळत नाहीत. एका वेळी एकच बाजू. २० गेजचा पत्रा, सडलेलं पूर्ण कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं, आणि बंद पेट्यांच्या आत शेवटी मेणाचा स्प्रे. डेंटर जर गंजावर फायबर आणि लांबी थापून 'एकदम नवीन' म्हणाला तर लोहचुंबक लावून बघ, न चिकटेल तिथे पैसे देऊ नकोस.

ब्रेक आणि स्टिअरिंग इथे माझा जुगाडाला ठाम विरोध. किंगपिन, टायरॉड एंड हे लेथवर एमएसच्या सळईतून बनवून देतो म्हणणारे भेटतील. साधं लोखंड आणि योग्य हीट ट्रीटमेंट केलेलं अलॉय स्टील दिसायला सारखंच, फरक घाटात कळतो. हे तयार, नवे, बॉक्समधलेच घ्यायचे. व्हील सिलिंडर आतून खाल्ले असतील तर स्टेनलेसची स्लीव्ह घालून घेतलेली चालते, ते मान्य काम आहे. चारही चाकांना ड्रम आहेत आणि सगळी ब्रेकलाइन एकच, एक होज फुटला की चारही ब्रेक गेले, म्हणून होज सगळे नवे, दिसायला चांगले असले तरी. आणि जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, ड्रम उघडल्यावर ती धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. मिस्त्री हसेल, हसू दे.

काच शाबूत आहे का लिहिलं नाहीस. पुढची काच वाकडी आहे, तिला काम चालू असताना काढून गादीत गुंडाळून घरात ठेव, हे एवढं ऐक.

कागद. आधी आजोबांच्या नावावरून वारसाच्या नावावर, त्याला फॉर्म ३१ (विक्रीचा फॉर्म ३० असतो, तो भरायला लावतील, भरू नकोस), मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती. बाबांच्या नावावर करायची की तुझ्या हे घरात आधी ठरवा, काका-आत्या असतील तर त्यांच्याशी बोलून, गाडी चकचकीत झाल्यावर सगळ्यांना आजोबा आठवतात. त्यानंतर दोन रस्ते आहेत. एक नेहमीचं नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी. दुसरं २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल न केलेली गाडी लागते. नियमात नव्या नोंदणीची फी २० हजार, दहा वर्षांसाठी, नूतनीकरण ५ हजार, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण व्हिंटेज नोंदणीवर गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं एवढ्याचसाठी बाहेर काढायची परवानगी. तुला महाबळेश्वर करायचंय, गावात फिरायचंय, मग माझ्या मते नेहमीचंच नूतनीकरण कर. आणि हे काम पत्र्याच्या आधी सुरू कर, आरसी सापडतच नाही असं निघालं तर लाखभर रुपये ओतल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळू दे.

बाबांचं म्हणणं. पैशाच्या हिशोबाने ते बरोबर आहेत आणि त्यांच्याशी त्या मुद्द्यावर वाद घालू नकोस, या गाडीत घातलेले पैसे विकून परत येणार नाहीत. डिलाइट काही रोल्स नाही. त्यांना आत्ता 'पूर्ण करू' असं सांगूच नकोस, फक्त तीन गोष्टींची परवानगी माग, आरसी शोधणं, इंजिन सोडवून बघणं, आणि एक बाजूचा सिल उघडून किती सडलंय ते बघणं. या तिघांचा खर्च फारसा नाही. तिन्ही उत्तरं हातात आल्यावर घरात बसून ठरवा. सिल, फ्लोअर आणि मागचं स्प्रिंग बसतं ती जागा, तिन्ही गेलेलं असेल तर मीच तुला सांगेन की ही गाडी डोनर म्हणून दुसऱ्या डिलाइटवाल्याला दे, भंगारवाल्याला नको.

पुढच्या पत्रात तीन फोटो पाठव, जॅक लावून खालून काढलेला सिलचा, प्लग काढल्यावर चारही प्लग ओळीने ठेवलेला, आणि आजोबांच्या जुन्या फोटोतलं ग्रिल. आणि हो, डिझेल-एटीएफ ओतताना प्लगच्या भोकात वरची घाण पडू देऊ नकोस, प्लग काढायच्या आधीच आजूबाजूची जागा हवेने झटकून घे.